इंदूचा एकच गुद्दा

इंदू गेल्याचं मला रंगनाथनेच फोनवर कळवलं. रंगनाथ म्हणजे तिचा थोरला दीर; इंदूच्या लेकीला माझा फोन लागला नव्हता, तिने भावकीत कळवलं होतं. "आक्का, आपली इंदू गेली हो," म्हणाला. आपली! मी फोन ठेवला आणि मनात पहिलं आलं ते हे, की हा अजून कसा जिवंत? इंदू माझी धाकटी बहीण. तिला जाऊन महिना होत आला, पण माझं मत बदललेलं नाही.

तिचा नवरा वारला तेव्हा लेक सुनीता कडेवर होती. दिंडोरीला द्राक्षबागेतलं एकत्र घर. वर्षश्राद्ध उरकलं आणि बागेत वाटा द्यायला नको म्हणून रंगनाथने तिला आतल्या खोलीत बोलावून कानाखाली मारली, मागच्या दाराने बाहेर काढली. डावा कान कायमचा गेला. बघायला कुणी नव्हतं. गावात त्याने सांगितलं, ती आपल्या पायाने गेली, आणि कान तर लग्नाआधीपासूनच बहिरा होता, माहेरच्यांनी फसवलं. म्हणजे आम्हीच खोटे. इंदूला मार लागला त्यापेक्षा हे जास्त लागलं.

मी तेव्हा देवळाली कॅम्पात राहत होते. तिथल्या बाजारात एका चिनी म्हाताऱ्याचं बुटांचं दुकान होतं, तिथे तिला कामाला लावली. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. दुकान उघडण्याआधी चाचा मागच्या बोळात चिनी मारामारीचे हातपाय चालवत. इंदू काही दिवस बघत राहिली आणि एकदा सरळ म्हणाली, "चाचा, मला पण शिकवा. एका माणसाला मारायचंय." चाचा हसले. "एक आदमी है, तो एक ही मार काफी है."

आणि खरंच एकच गुद्दा शिकवला. मूठ कमरेशी, अंगठा वर. कोपर बरगडीला घासत मूठ सरळ पुढे जायची. पुढचा पाय अर्धं पाऊल टाकतो, मागचा फरपटत येतो, आणि तो जमिनीवर पडतो त्याच क्षणी मूठ लागली पाहिजे. जोर सगळा त्या मागच्या पायाचा. सुरुवातीला कितीतरी महिने चाचांनी तिला नुसतं पाऊल टाकायला लावलं, हात उचलू दिला नाही. मग कातड्याच्या कातरणांचं पोतं टांगून दिलं. मी म्हणायची, "अगं, त्यापेक्षा लाटणं घे की हातात."

"लाटणं हिसकावता येतं, आक्का."

चाचा गेले, दुकान मुलांनी विकलं, इंदूने ते पोतं घरी आणलं. सकाळचा चहा नंतर, आधी हे. शेजारणी हसायच्या. सुनीताचं लग्न झालं, हिचे केस पिकले, पण खंड नाही. मला विचाराल तर मला ते आवडायचं. कुणीतरी विसरत नाहीये, याचं बरं वाटायचं.

मग रंगनाथच्या नातवाच्या लग्नाची पत्रिका आली. चारचौघांत मोठेपणा मिरवायला दिलेली. आम्ही गेलो. मांडवाच्या तोंडाशी तोच पुढे आला. "ये ये इंदू, घर तुझंच हाय." इंदूने अर्धं पाऊल टाकलं... मी तिच्या मागेच होते, मला फक्त तिचा पदर हललेला दिसला. रंगनाथ मटकन खाली बसला. तोंड उघडं, श्वास नाही. "उन्हानं चक्कर आली!" कुणीतरी ओरडलं. त्याला श्वास आला तेव्हा त्याने इंदूकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि म्हणाला, "व्हय, चक्करच आली." वर एक बाई इंदूलाच म्हणाली, "बघत काय बसलीस, पाणी दे त्यांना!" इतकी वर्षं घासलेली गोष्ट, आणि ती कुणाला दिसलीच नाही.

परतताना एसटीत तिने दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, "मागचा पाय उशिरा पडला."

"बरंच झालं. मेला असता तर?"

"मरायला नाय पाहिजे. बोलला पाहिजे, आक्का. लोकांसमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा पोत्यासमोर उभी. शेवटपर्यंत तेच. पण तो परत कधी समोर आला नाही. आला तो थेट इंदूच्या दहाव्याला, दारणेच्या काठी, पांढरीशुभ्र टोपी घालून, घरातला वडीलधारा म्हणून पुढे बसायला.

सुनीताने पिंड ठेवला. कावळे झाडावर, खाली एकही उतरेना. ऊन चढलं. नेहमीसारखं सुरू झालं... कुणी म्हणालं, सुनीताला सांभाळू. कुणी म्हणालं, वणीला देवीची ओटी भरू. रंगनाथनेही हात जोडले, "इंदू, काय राह्यलं असंल ते मी करीन."

मी उठले. "मग कर. त्या लग्नात तुला चक्कर आली होती का?"

"आक्का, ही काय येळ..."

"हीच वेळ आहे. सगळे उपाशी बसलेत. सांग."

तो गुरुजींकडे बघायला लागला. गुरुजी झाडाकडे बघत होते. दिंडोरीचे सगळे भाऊबंद त्याच्याकडे. शेवटी खालच्या मानेने म्हणाला, "नाय. तिनं मारलं व्हतं."

"का?"

"...मी आधी मारलं व्हतं. कान माझ्या हातानं गेला."

"मोठ्याने."

तो मोठ्याने बोलला. त्याचा मुलगा बाजूलाच होता, तो उठून लांब जाऊन उभा राहिला. मागे कुणीतरी म्हणालं, शिवला, शिवला. कावळा कधी आला, मला माहीत नाही. मी रंगनाथच्या तोंडाकडे बघत होते.