जपानी साहेबाचं फाल्गुनातलं गाणं

वाचकहो, या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते हसण्यासाठी. चिंचेवरची बाई, विहिरीतला आवाज... असलं काही छापून आलं की मासिक बाजूला भिरकावायचं, हा माझा शिरस्ता. मी मोताळ्याच्या मराठी शाळेत मास्तर आहे. भूत, भानामती, अंगात येणं — यातलं काही मी मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. वैताग आहे तो याचाच. जे मानत नाही ते माझ्याच घरात घडलं, आणि दोन वर्षं डोकं खाजवूनही मला त्याचं उत्तर काढता आलेलं नाही.

माझा थोरला भाऊ लष्करात मोटार ड्रायव्हर. लढाई लागली तसा तो सिंगापूरकडे गेला. ते जपान्यांनी घेतलं आणि त्यानंतर तीन वर्षं त्याचं साधं कार्डसुद्धा नाही. सरकारचा एक कागद तेवढा आला — 'बेपत्ता'. आई आमची लहानपणीच गेलेली. घरात बाबा, मी आणि वहिनी.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरून पूजतात. भावकीतले लोक बाबांच्या मागे लागले, की किती दिवस अधांतरी ठेवणार, यंदा पोराची घागर भरून टाका. घागर भरली म्हणजे माणूस गेला, आणि त्याबरोबर वहिनीचं कुंकू गेलं. बाबा टाळाटाळ करीत. मग मी बोललो. शिकलेला ना मी! वहिनीला समोर बसवलं आणि समजावून सांगितलं, की तीन वर्षं पत्र नाही याचा अर्थ भाऊ नाही, तेव्हा मनाची तयारी करा. तिने सगळं ऐकून घेतलं.

"घागर तुमी भरा, भाऊजी," ती म्हणाली. "कुकू मी पुसत नाही."

तरी बाबांनी शेवटी मान हलवली, आणि येत्या अखाजीला घागर भरायचं ठरलं.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या बाया आमच्या ओसरीवर शेवया करायला जमल्या होत्या. हात चालता चालता वहिनी गाऊ लागली. चाल संथ, जात्यावरच्या ओवीसारखी, पण मध्येच कुठेतरी भलतीकडे वळणारी. भाषा मराठी नाही, हिंदी नाही, कुठलीच नाही. बाया हसल्या. मी विचारलं, हे काय? म्हणाली, माहीत नाही, तोंडात येऊन राह्यलं. कोणी शिकवलं? कोणीच नाही. अर्थ काय? काय माहीत! आणि मग रोज सकाळी, हाताला काम लागलं की तेच गाणं. कोणी म्हणालं बाधा झाली, कोणी भगताला बोलवा म्हणालं, एका बाईने तर लिंबूच आणून दिलं. ते मी तिच्यादेखत उकिरड्यावर टाकलं. माझं मत पक्कं होतं — दुःखाने डोकं फिरलं. आणि ते फिरवण्यात आपलाही हात आहे, हेही मनात येई, म्हणून मी जास्तच ओरडत असे.

चैत्र लागल्यावर मलकापूरचे नथ्थूकाका आले. हे कापसाचे दलाल, बाबांचे जुने स्नेही. ओसरीवर पाणी पिता पिता त्यांनी आतलं गाणं ऐकलं आणि गडवा खालीच ठेवला.

"सूनबाई, हे तुले कोणं शिकोलं?"

मग काका बाबांशी हळू आवाजात बोलले. लढाईच्या आधी मलकापुरात कापूस घ्यायला एक जपानी साहेब येऊन राहायचा, काका त्याचे दलाल. साहेबाजवळ ग्रामोफोन आणि तबकड्या होत्या, आणि त्या त्याने ऋतूप्रमाणे वेगवेगळ्या कापडांत बांधलेल्या. वसंतातली गाणी निघायची शिमग्याच्या सुमारास, आणि उन्हं तापली की परत बांधून ठेवायची. एकदा काकांनी भर पावसाळ्यात त्यातली एक लावली तर साहेब दोन दिवस बोलला नाही. ज्या ऋतूचं गाणं त्याच ऋतूत, हा त्याचा नेम. त्यातलंच हे एक. बाईचा माणूस होडीत बसून दूर गेलाय. दर वसंतात दारचं झाड फुलतं, आणि ती झाडाला सांगते, तो येईपर्यंत फुलं गाळू नकोस. अशी ती कथा, साहेबानेच सांगितलेली. कडव्याकडव्यात 'हारू' येतं, तो म्हणजे वसंत.

मी म्हटलं, काका, ऊन लागलंय तुम्हाला. काका चिडले. पुढच्या आठवड्यात बैलगाडीत कडब्याखाली ग्रामोफोन दडवून हजर! साहेब घाईने गेला तेव्हा ते सामान त्यांच्याकडेच राहिलं होतं, आणि लढाईच्या दिवसांत जपानी तबकडी घरात सापडली असती तर पोलिसांनी आमची काय पूजा बांधली असती ते सांगायला नको.

पण मीही कच्चा नव्हतो. आदल्या आठवड्यातच वहिनीला पुढ्यात बसवून गाणं म्हणायला लावलं होतं आणि अक्षर न् अक्षर कागदावर उतरवलं होतं. भर दुपारी दारं लावून तबकडी लावली. मी कागदावर बोट ठेवून ऐकत होतो. पहिलं कडवं जुळलं. दुसरं जुळलं. दुसऱ्या कडव्यावर तबकडी संपली. माझ्या कागदावर तिसरं शिल्लक होतं! मला इतका आनंद झाला... म्हटलं, पाहा, हे कुठाय?

काकांनी सुई उचलली. "तबकडीत गाणं पुरं मावत नव्हतं, मास्तर. तिसरं साहेब तोंडानं म्हणे. वाच बरं तू."

मी वाचलं. काका माझ्याबरोबर पुटपुटत होते, आणि शब्द तेच होते.

वहिनीचं माहेर संग्रामपूर. मी तिथवर जाऊन तिच्या आईला खोदखोदून विचारलं. पोरीने लग्नाआधी मलकापूर पाहिलंच नव्हतं, आणि लग्नानंतर कधी गेली असेल तर माझ्याबरोबर, गाडी पकडायला.

आता सगळ्यांना उत्तर सापडलं. भाऊ जपान्यांच्या कैदेत जिवंत आहे, तिकडे तो हे गाणं ऐकतो, आणि ते इकडे हिच्या तोंडून निघतं. बाबांनी घागर भरायला साफ नकार दिला. मी कपाळ बडवून सांगत होतो, की बाबा, गाणं जपानी निघालं म्हणून माणूस जिवंत ठरतो का? हा काय पुरावा झाला?

बाबा एवढंच म्हणाले, "तुले भाऊ मेलेलाच पाह्यजे काय बे?"

अखाजी घागरीविना गेली, आणि ऊन तापलं तसं वहिनीचं गाणंही थांबलं.

लढाई संपली आणि पुढच्या हिवाळ्यात भाऊ मलकापूर स्टेशनवर उतरला. हाडांचा सापळा, पण जिवंत. चार दिवस गेल्यावर मी त्याला काकांकडे नेलं आणि तबकडी ऐकवली. त्याने मुंडी हलवली. हे गाणं त्याने जन्मात ऐकलेलं नव्हतं! पहारेकरी गात असत का? म्हणाला, ते फक्त ओरडत. "अन् मले कुठले गाणे बे? मले आरती सुरात म्हणता येत नाही." झालं... सगळ्यांचं उत्तर पाण्यात. वहिनीला विचारावं तर तिला एक ओळ आठवेना. मी कागद वाचून दाखवला तर ती परक्याचं ऐकावं तशी हसली.

एक दिवस जेवताना भाऊ त्याच्या सुलतानपूरच्या सोबत्याचं सांगू लागला. तो घरी पोचला तर त्याची घागर दोन वर्षांपूर्वीच भरलेली, आणि पांढऱ्या कपाळाची बायको दारात उभी. सांगता सांगता भावाने वर पाहिलं.

"माह्यी घागर भराचं आलं होतं काय कोणाच्या मनात?"

माझा घास हातातच राहिला. बाबा पाणी पिऊ लागले.

"कोणाच्याच नाही," वहिनी म्हणाली. "भाऊजी तं रोज सांगत, येतीन म्हणून." आणि तिने माझ्या ताटात अर्धी भाकर वाढली.

मी खाली मान घालून ती खाल्ली. ते गाणं कुठून आलं हे मला आजही माहीत नाही, आणि वहिनीला पुन्हा विचारायची माझी हिंमत होत नाही.