अकरा शिश्यांचे डबे

“मॅडम, तुमच्या डब्यात लालच नाही हो!”

सालेकशाच्या एका शाळेतून चित्रकलेच्या बाईंचा फोन होता. स्पर्धा दोन दिवसांवर आलेली. त्यांनी गावातल्या दुकानातून आमचे पोस्टर कलरचे डबे आणले, वर्गात वाटले आणि पोरांनी एकच गिल्ला केला. डब्यात शिश्यांच्या खाचा बारा, शिश्या अकरा. लालची खाच रिकामी.

“एखाद्या डब्यात राहिली असेल,” मी म्हटलं.

“एखाद्या नाही, सगळ्याच डब्यांत! आता पोरांनी सूर्य काय हिरवा काढायचा?”

माझ्या मनात पाल चुकचुकली. चुकून राहिली असती तर एका डब्यात निळी कमी, दुसऱ्यात पिवळी. सगळीकडे लालच नाही म्हणजे कोणीतरी निवडून काढलीय.

मी गोंदियात लहान मुलांच्या रंगांच्या एका डिस्ट्रिब्युटरकडे डिस्पॅच बघते. डिस्पॅच म्हणजे माल लावायचा, मोजायचा आणि पाठवायचा. कारखान्यातून माल नागपूरच्या डेपोत येतो, तिथून आमच्या गोदामात, आमच्याकडून टेम्पोनं तालुक्याच्या दुकानदारांकडे आणि दुकानातून पोरांच्या हातात. इतक्या हातांतून जाणारी वस्तू जशीच्या तशी पोचते, यावर माझा कधीच विश्वास बसलेला नाही. नवरा म्हणतो, तू देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खातेस. घेते. त्यात काय?

आमच्या मालकांना, सेठजींना सांगितलं, तर त्यांना विचार करायलाही वेळ लागला नाही.

“उस लाइन पे तेजराम जाता है ना? तो और कौन होगा? शनिवार से उसको मत बुलाना।”

लाइन म्हणजे टेम्पोचा ठरलेला रस्ता. तेजराम आमगाव-सालेकसा लाइनवर आमचा टेम्पो चालवायचा. घरी बायको, दोन पोरं. पोळा तोंडावर, आणि याची नोकरी जाणार. मला वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर संशय मलाही होता. आमगावला तो चहाला थांबतो आणि तो चहा फार लांबतो, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

“थांबा सेठजी, आधी कारखान्यापासून बघू,” मी म्हटलं.

डबे ज्या मोठ्या खोक्यात येतात त्याला आम्ही आउटर म्हणतो. आउटरवर वजन छापलेलं असतं. त्याच लॉटचे उरलेले आउटर मी एकेक करून काट्यावर चढवले. वजन बरोबर. एक फोडला. लाल आपल्या जागी, झाकण घट्ट. म्हणजे कारखाना सुटला, डेपो सुटला. राहिलं आमचं गोदाम. त्याच्या किल्ल्या दोघांकडे, एक माझ्याकडे आणि एक सेठजींकडे.

“सेठजी, मधल्या काळात गोदाम तुम्ही उघडलं होतं का?”

“अरे! मेरे पे शक?”

“माझा सगळ्यांवर आहे.”

ते तोंड वाकडं करून आत गेले. मग मी सालेकशाच्या दुकानदाराला, गुलाबभाऊंना फोन लावला. त्यांच्याशी नेहमी फोनवरच बोलणं व्हायचं, तोंड कधी बघितलेलं नव्हतं.

“माल वरूनच तसा आला जी,” माझा प्रश्न संपायच्या आत ते म्हणाले. “मी तं डबे खोलले बी नाई. तुमच्या ड्रायव्हरले इचारा.”

इतकं तयार उत्तर मला आवडत नाही. पण ड्रायव्हरला विचारायचं होतंच.

तेजराम आला, समोर उभा राहिला, आणि माझी नजर त्याच्या हातांवर गेली. नखांत लाल. बोटांच्या पेरांवर लाल. शर्टाच्या बाहीवर लाल. मी मनात म्हटलं, घ्या! चोर रंगेहाथ म्हणतात तो हा असा.

“हे काय रे?”

“नंदी रंगवून रायलो मॅडम, घरी. पोराच्या तान्ह्या पोळ्याचा.”

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात. त्या बैलाला आम्ही नंदी म्हणतो, आणि नंदीची शिंगं लाल असली तरच पोरगं घराबाहेर पाऊल टाकतं. त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या निम्म्या बापांचे हात लाल असणार. तरी मी सोडलं नाही.

“रंग कुठून आणला?”

“सालेकशाहून. गुलाबभाऊच्या दुकानातून. सुटी शिशी भेटते तिथं.”

“सुटी?”

“हव जी. एकच लाल.”

आता मी कान टवकारले. सुट्या शिश्या कंपनी वेगळ्या पाठवते, आणि सुटा लाल आमच्या गोदामात पावसाळा लागल्यापासून आलाच नव्हता. मग गुलाबभाऊंकडे आला कुठून?

“घरी फोन लाव. शिशीवर किंमत छापलीय का, बायकोला विचार.”

धंद्यातली गोष्ट अशी की सुट्या शिशीवर किंमत असते. सेटमधल्या शिशीवर नसते, किंमत फक्त डब्यावर. बायकोनं शिशी फिरवून फिरवून बघितली. किंमत नाही.

म्हणजे ती शिशी सेटमधलीच. एकतर तेजराम चोर आणि खोटारडा, नाहीतर गुलाबभाऊ. तेजरामचा फोन मी माझ्याकडे ठेवून घेतला. हो, आधीच कोणाला कळवलं तर? टेम्पोत त्याच्या शेजारी बसले आणि म्हटलं, “चल सालेकशाला.” वाटेत तो आमगावला चहालाही थांबला नाही.

त्याला वळणावरच थांबवून मी एकटी दुकानात गेले. गल्ल्यावर चष्मा लावलेला एक गृहस्थ, वागायला फार गोड.

“भाऊ, नंदीच्या शिंगाले लाल पायजे होता.”

“आहे ना ताई! कुठंच नाई भेटणार, पण माझ्याकडे आहे.”

त्यानं काउंटरखालून शिशी काढली. मी ती फिरवून बघितली. किंमत नव्हती.

“गुलाबभाऊ, मी गोंदियाच्या गोदामातून आले. सकाळी फोनवर बोललो ना आपण?”

त्यांचा चेहरा पडला. आधी म्हणाले, हा जुना माल आहे. मग म्हणाले, नागपूरचा आहे. मग खुर्चीवर बसले.

“काय करू जी? पोरं दारात रडून रायली, लाल पायजे, लाल पायजे. सुटा लाल मी तुमाले किती बार मागितला! पाठवला काऊन नाई? मंग डबे खोलले, लाल काढले. पोळा झाला का सुटे लाल आणून भरून टाकणार होतो. मी बाहेरगावी होतो, तेवढ्यात शाळेच्या बाई आल्या आन् घरच्यांनी तेच डबे देऊन टाकले.”

“आणि नाव तेजरामचं घेतलंत?”

“नाव नाई घेतलं. ड्रायव्हरले इचारा, एवढंच म्हटलं.”

माझं डोकं सणकलं. “एवढंच? त्याच्या घरची चूल बंद होणार होती, भाऊ!”

ते चष्मा पुसत बसले. आणि राग तरी कोणाकोणावर काढायचा? सुटा लाल खपत नाही म्हणून पावसाळ्यापासून मागवलाच नाही, तो आमच्या सेठजींनी. तान्हा पोळा दर वर्षी येतो, हे गोंदियात जन्मलेल्या माणसाला कंपनीनं सांगायचं का?

गोंदियातून निघताना मी पूर्ण डब्यांचा एक आउटर टेम्पोत टाकून आणला होता. तो शाळेत देऊन अकरा शिश्यांचे डबे परत घेतले. बाईंनी माझ्यासमोर एकेक डबा उघडून बघितला. बरं वाटलं. माझ्यासारखं कोणीतरी आहे जगात.

सेठजींना सगळं सांगितलं. “चलो, गलतफहमी हो गई,” म्हणाले आणि सुट्या लालची ऑर्डर द्यायला फोनकडे वळले. गुलाबभाऊ आजही आमचे गिऱ्हाईक आहेत. तेजरामला सेठजी काहीच बोलले नाहीत. मीही त्याचा फोन परत दिला तो नुसताच, मान खाली घालून.

शनिवारी सकाळी टेम्पो भरायची वेळ झाली. मी आउटर पुढे सरकवला. तेजरामनं हात लावला नाही.

“खोला जी.”

“काय?”

“पेटी खोला. डबे दाखवा, मंगच नेतो.”

“काऊन रे? माझ्यावर भरोसा नाही?”

“नाई,” तो शांतपणे म्हणाला.

आतून सेठजी ओरडले, “क्या टाइमपास चल रहा है?” मी ब्लेड घेतलं, टेप कापला आणि पहिला डबा उघडून त्याच्यापुढे धरला. त्यानं एकेका शिशीवर बोट ठेवून मोजलं. मग दुसरा डबा. मग तिसरा.

आता दर खेपेला असंच चालतं. टेम्पो उशिरा सुटतो, सेठजी कुरकुरतात, तक्रार मात्र एकही येत नाही. संशय घ्यायचाच तर खालून वर, वरून खाली, सगळीकडे सारखा घ्यावा. एकट्या ड्रायव्हरवर घेतला की त्याला आपण चौकशी म्हणतो, पण असतो तो नुसता आळस.