झाकण कुणाच्या बाजूला

बेळगावातल्या आमच्या घराची वाटणी झाली आणि बाहेरच्या सोप्याच्या मधोमध भिंत उभी राहिली. पलीकडे थोरला भाऊ, आम्ही त्याला आप्पा म्हणतो, अलीकडे मी. बोलणं बंद नव्हतं, पण कामापुरतंच. त्याच भिंतीत माशांची काचेची पेटी बसवायची, हे खूळ माझं. दोन्हीकडून काच, मासे दोघांचे. आप्पाही चक्क म्हणाला, ‘व्हय, बसवू या की.’ मग आम्ही मिळून गवंडी लावला आणि भिंतीला खिडकीएवढं भोक पाडून घेतलं. वाटणीनंतर दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम.

दुसऱ्या दिवशी कॅम्पातला मासेवाला माप घ्यायला आला. त्यानं सरळ विचारलं, ‘झाकण कुणाच्या बाजूला ठेवू? खाणं घालायला, पाणी बदलायला एकाच बाजूनं उघडणार ते.’

‘मी थोरला हाय,’ आप्पा म्हणाला.

‘आणि डोकं कुणाचं चाललं?’ मी म्हणालो.

अर्ध्या तासात आम्ही वाटणीच्या वेळची झाडून सगळी भांडणं उकरून काढली. दोघंही पन्नाशीच्या पुढचे, आणि भांडत होतो न आलेल्या माशांवरून! मासेवाला टेप गुंडाळून कधी गेला, कळलंही नाही.

भोक अजून तसंच आहे. बुजवायचं कुणी, यावरही एकमत नाही. त्याच्या बाजूनं त्यानं पडदा लावलाय, माझ्या बाजूनं मी. दोन्ही पडद्यांतून त्याचा खोकला स्पष्ट ऐकू येतो. हल्ली लई वाढलाय.

मी टीव्हीचा आवाज मोठा करतो.