किती भाकरीचा रस्ता

“किती भाकरीचा रस्ता हाय?” कुणी गावाला निघालं की आमच्या हिंगोलीच्या शेजारीण मावशी हेच विचारायच्या. किलोमीटर त्यांना चालायचे नाहीत. परभणी एका भाकरीची, पुणं तीन भाकरींचं, वर ठेचा वेगळा. तुम्ही म्हणाल, बाई भोळी. छे हो! शाळाभर लेकरांची खिचडी शिजवलेली बाई ती. भुकेचा अंदाज तिला नाही तर कुणाला?

त्यांची लेक नोकरीला बंगळूरला. मावशी तिकडे कधीच गेल्या नव्हत्या. “लई भाकरीचा रस्ता हाय तो,” म्हणून विषय संपवायच्या. लेक बाळंतपणाला इकडेच येणार होती, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. आणि एका सकाळी तिचा फोन आला. “आई, दवाखान्यात भरती केलंय. मला लई भेव वाटून राहिलं. तू ये.”

मावशी थेट माझ्या दारात. “दादा, आजच पोचायचं. कसंबी करा.”

रेल्वेनं दुसरा दिवस उजाडला असता. मी नांदेडहून विमानाचं तिकीट काढलं. “दीड तासात बंगळूर, मावशी.”

“काहून थट्टा करता? दीड तासात आमच्या साखरा गावाची बस येत न्हाई! रस्ता किती हाय?”

“आठशे किलोमीटर तरी असेल.”

झालं! रस्ता तेवढाच, म्हणजे भूकही तेवढीच. मी जीप सांगून परत येतो, तर मावशी भाकरी थापतायत आणि डोळे पुसतायत.

“अहो, विमान जेवायला थांबत नसतं!”

“थांबन की. एवढ्या लांब काय उपाशी नेतेत व्हय?”

अशी बाई! शेवटी मीच तवा खाली उतरवला.

जीपमध्ये भाकरींचं गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. कळमनुरी मागे पडल्यावर हळूच म्हणाल्या, “येळेवर पोचन ना मी? माझी माय माझ्या बाळंतपणाला पोचली नव्हती, दादा.” मी ड्रायव्हरला जीप जरा जोरात घ्यायला सांगितलं.

विमानतळावर शिपायानं ते गाठोडं पाहून विचारलं, “माताजी, कितने लोग हैं?”

“एकलीच. रस्ता लंबा है.”

मावशी अजून तिकडेच आहेत. नात आता रांगते म्हणे. शेजारच्या दाराला कुलूप बघून मला करमत नाही, खोटं कशाला बोलू? पण त्या संध्याकाळचा फोन आठवला की बरं वाटतं.

“पोचलात का? भाकरी खाल्ली?” मी मोठ्यानं विचारलं होतं.

“कुठली! गाठ सोडस्तोवर उतरा म्हणले.” आवाज अगदी बारीक.

“आणि लेक?”

“अजून येळ हाय म्हणून राहिले डॉक्टर. रात्रभर डोळा न्हाई लागला पोरीचा. आत्ता झोपलीय माझ्या मांडीवर. तुमी हळू बोला.”