विहीणबाई, अंदाज कधीचा?

आमच्या व्याह्यांइतका शिळ्या अंदाजाला घाबरणारा माणूस अख्ख्या वसई-विरारमध्ये शोधून सापडायचा नाही. शिळी भाकरी ते आवडीनं खातात हो, पण शिळा अंदाज? छे! फुलपाड्याला त्यांच्याकडे जेवायला गेलं की भाताची वाट बघावी लागते. तांदळाची नवी पिशवी फोडली की हे आधी मूठभर वेगळे शिजवून बघणार; गेल्या पिशवीला लागलं तेवढंच पाणी हिला लागेल कशावरून? विहीण होत्या तोवर त्या हातातून भांडं काढून घ्यायच्या. आता ते एकटेच, मुलं पुण्याला, तेव्हा विचारणारं कोण! माझ्या लेकीच्या लग्नात तर भर मांडवात आचाऱ्याला म्हणाले, "पानांचा अंदाज कधीचा? सकाळचा? ऊन वाढलंय, पुन्हा काढा." आचारी म्हणाला, "साहेब, तुम्ही नवऱ्याचे वडील ना? मग जरा रुसून बसा की. आम्हाला काम करू द्या."

त्यांची नोकरीही तसलीच. इथल्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर सांगतो, घरी सोडलेल्यांपैकी कोण पुन्हा भरती होईल. आणि तो अजून बरोबर सांगतोय ना, हे व्याही तपासतात. माणसं बदलतात, औषधं बदलतात, यंत्र आपलं जुनंच धरून बसतं, म्हणतात. माझं हृदय कमजोर झालं तेव्हा त्या यंत्रानं मलाही धोक्याच्या यादीत टाकलं. मग रोज संध्याकाळी सिस्टरचा फोन: पाय सुजले का, वजन वाढलं का, जिना चढताना थांबावं लागलं का? त्या पोरीच्या धाकानं मी सुके बोंबील सोडले, पापड सोडला, आणि पुन्हा भरती व्हायची वेळच आली नाही.

तिथंच घोळ झाला. यंत्राला नवी माहिती शिकवली, तर ते म्हणायला लागलं, माझ्यासारख्यांना धोकाच नाही. डॉक्टर खूश, म्हणाले फोन बंद करूया. मीही खूश, कोळणीकडून बोंबील आणूनसुद्धा ठेवले. तर व्याही आचोळ्याला माझ्या दारात हजर.

"विहीणबाई, बऱ्या आहात म्हणून फोन नको, की फोन येतो म्हणून बऱ्या आहात?"

"अहो, एवढं त्या यंत्राला कळत नाही?"

"त्याला फोन दिसतच नाही. तुम्ही धडधाकट दिसता, तेवढंच दिसतं. आणि ते बोंबील परत करा."

हॉस्पिटलातही ते हेच धरून बसले: फोन कुणाला जात होता तेही यंत्राला शिकवा, तोवर नवं काही चालू करू नका. सगळे वैतागले, पण शेवटी मानलं. ते मानेपर्यंत सिस्टरचा फोन बंद झाला होता, तेव्हा हे स्वतःच करायला लागले. तिचा सुरू झाला तरी यांचा थांबला नाही. मी कुरकुर करायची, "दोन-दोन पहारेकरी कशाला?"

परवा मात्र त्यांचा फोन आला नाही. मीच लावला. पलीकडून नुसती धाप.

"जिना चढताना थांबावं लागलं का?" मी विचारलं.

"लिफ्ट बंद आहे हो... म्हणून जरा."

"आणि तुमचा अंदाज कधीचा, व्याहीबुवा?"

 मग हळूच म्हणाले, "ही होती तेव्हाचा."

मुलगा पुण्याहून येऊन डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्यात. आता संध्याकाळचा चहा झाला की फोन मी करते. "बरा आहे मी," म्हणतात, "उद्या नाही केलात तरी चालेल." मी हो म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी चहा ठेवतानाच फोन जवळ घेऊन बसते. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत उचलतात.