माझ्या फोटोत बसलेली सवत

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी दारात उभं करत नाही. उत्रोलीहून डोक्यावर तांदळाची पाटी नेऊन भोरच्या बाजारात मी धंदा उभा केला, तो असल्या गोष्टींवर विश्वास ठेवून नव्हे. पण हे माझ्याच बाबतीत घडलं... आणि माझा राग अजून गेलेला नाही.

भोर संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. मी मालकांची दुसरी बायको. थोरली, सोना, बाळंतपणात गेलेली. आमच्यात दुसरीनं मेलेल्या सवतीची मूर्त कोरलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. वर सासूबाई म्हणायच्या, "सोना लई देखणी व्हती."

राजवाड्याजवळ फोटोचं दुकान निघालं. ठरवलं, या घरात भिंतीवर पहिली मीच जाणार. घासाघीस करून फ्रेमसकट सौदा ठरवला आणि निघताना टाक काढून देव्हाऱ्यात ठेवला.

सासूबाईंनी अडवलं, "टाक काडू नगं. तिला राग यील."

"फोटो माझ्या कमाईचा हाय, आत्याबाई. तिनं का म्हून बसायचं त्यात?"

पुढच्या बाजाराला फोटो आणायला गेले. लुगडं माझं, नथ माझी, मनगटावरचा भाजल्याचा डागही माझा. चेहरा भलतीचाच.

"कुणाचा फोटो माझ्या गळ्यात मारतोस रं?"

फोटोग्राफरनं ज्या काचेवरून फोटो छापला ती काच उजेडात धरली. तिच्यावरही तोच डाग, तोच चेहरा. "बाई, त्या दिवशी तुमच्याशिवाय कोणी बसलंच नाही."

घरी सासूबाईंनी फोटो हातात घेतला. "आगं, ही तर सोना... हिचा फोटू कवाच न्हवता." मालक नुसते बघत राहिले. तसं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

मी फोटो फाडायला उठले. त्यांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे."

फोटोच्या मागे नाव नव्हतंच. फक्त मालकांचं नाव लिहून 'यांचे कुटुंब'. ते तिलाही लागू, मलाही.

पुढे टाक घालून पुन्हा फोटो काढला, तर माझाच चेहरा आला. तो कुणी भिंतीवर लावला नाही; तिथं आधीचाच राहिला.

आता तो चेहरा तिचा, हे ठाऊक असणारं माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. नातवंडं भिंतीवरचा फोटो पाहुण्यांना दाखवतात, "ही आमची आजी, तरुणपणची. केवढी देखणी होती." हे कसं झालं, मला आजही कळलेलं नाही. पण देखणी म्हटलं की मी मान डोलावते — तेवढं तरी तिच्याकडून वसूल करते.