चमचा उभा राहील अशी नाचणी

सबनीसांनी वाटीत चमचा उभा केला, हात काढला आणि चमचा आडवा झाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला. पुन्हा आडवा. मग त्यांनी हात काढलाच नाही. चमचा तसाच धरून ते समोर बसलेल्या डोंबिवलीच्या महिला मंडळाला म्हणाले, "तर भगिनींनो, हा दाटपणा म्हणजेच ताकद!"

पहिल्या रांगेतल्या एक बाई उठून आल्या, वाटीत डोकावल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, यापेक्षा आमच्याकडे भांडी विसळलेलं पाणी दाट असतं."

हॉल खदखदून हसला. मी स्टेजच्या कडेला स्टोव्हपाशी उभी होते. अंगात पांढरा कोट, हातात पळी. वाटीत जे काही वाहत होतं, ते मी तयार केलेलं होतं.

मी फूड टेक्नॉलॉजिस्ट. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत होते. कंपनी लोणची, मसाले आणि भाजणी करायची. मालक खांबेटे. त्यांना सगळे काका म्हणत, कारण पगारवाढ मागायला गेलं की ते घरच्यासारखं बोलून परत पाठवत. सबनीस मार्केटिंग मॅनेजर. आणि लॅब म्हणजे मी, एक वजनकाटा, एक ओव्हन आणि एक कपाट. काकांना त्या खोलीचा फार दिवसांपासून लोभ होता. शेजारचा कारखानदार ती गोडाऊन म्हणून भाड्याने मागत होता. मिरचीतली ओल मोजायला पगारी बाई कशाला, असा काकांचा साधा प्रश्न होता. म्हणून मी नवा प्रॉडक्ट सुचवला: मोड आलेल्या नाचणीचं पीठ, लहान मुलांसाठी. काका म्हणाले, "चाललं तर लॅब राहील. नाही चाललं तर खोली रिकामी करून द्या." मी कुठे जायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. मी समजून घेतलं.

नाचणीच का, तर ती आमच्या गिऱ्हाइकाच्या रक्तात होती आणि तोंडात नव्हती. कोकणातून येऊन ठाण्या-डोंबिवलीत ब्लॉक घेतलेल्या माणसांनी पहिलं काम केलं ते नाचणी सोडण्याचं. पाहुण्यांपुढे पोळी. भाकरी केलीच तर आपल्यापुरती, आणि बेल वाजली तर ताटावर झाकण. तीच नाचणी चकचकीत पाकिटात घालून डॉक्टरांच्या तोंडून सांगितली तर मात्र चालणार होती. सबनीसांनी तिचं नाव ठेवलं नाचोमाल्ट. "नाचणी म्हटलं की गाव आठवतं मॅडम," ते मला म्हणाले. "माल्ट म्हटलं की फॉरेन."

माल्टिंग म्हणजे काही फॉरेनची जादू नाही. नाचणी भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, मोड चोळून काढायचे, मंद आचेवर जेमतेम भाजायची आणि दळायची. दाणा रुजायला लागला की त्याच्या आत डायस्टेज नावाचं एंझाइम तयार होतं. दाण्यात साठवलेलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, तोडून कोवळ्या कोंबाला खाऊ घालणं हे त्याचं काम. त्याला शेत आणि पातेलं यांतला फरक कळत नाही. पीठ गार पाण्यात कालवून हळूहळू तापवलंत की ते पातेल्यातही पिष्ट तोडत सुटतं. पेजेचा दाटपणा पिष्टाचाच, म्हणून दाट व्हायच्या बेतात आलेली पेज बघता बघता पातळ होते.

हे मी सबनीसांना आधी सांगितलं होतं. पण ऑफिसात त्यांनी पीठ उकळत्या दुधात टाकून घोटवलं होतं. उकळत्यात एंझाइम लगेच मरतं. गुठळ्या झाल्या, पण पेज दाट झाली. सबनीसांना तेवढं पुरलं. हॉलमध्ये मी ते घरोघरी शिजवतात तसं शिजवलं आणि घरोघरी जे झालं असतं ते तिथे झालं.

दुसऱ्या दिवशी काकांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो.

"पातळ का झालं?" काकांनी विचारलं.

"चांगलं आहे म्हणून," मी म्हटलं.

काकांनी सबनीसांकडे पाहिलं. सबनीसांनी छताकडे पाहिलं. मी एंझाइम समजावून सांगितलं. काका लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "म्हणजे आपल्या पिठात काहीतरी आहे, जे पीठ खातंय?"

"तसं म्हणता येईल."

"मग पेस्ट कंट्रोल का नाही केलं?"

"काका, तो किडा नाही. जिवंतसुद्धा नाही."

"जिवंत नाही आणि खातंय?" काकांनी टेबलावरच्या पाकिटापासून हात मागे घेतला.

सबनीसांकडे उपाय तयार होता. "कॉर्नफ्लोअर घाला. हॉटेलवाले सूप दाट करतात की नाही?"

मी म्हटलं, एंझाइमला नाचणीचं पिष्ट काय आणि मक्याचं काय, ते दोन्ही तोडेल. सबनीस म्हणाले, मॅडम, तुम्ही फार पुस्तकी. मग लॅबमध्ये त्यांच्या समोर करून दाखवलं. पातेल्यात पीठ, कॉर्नफ्लोअर, गार पाणी, खाली मंद गॅस. पेज दाट व्हायला लागली तसे सबनीस फुलले. "बघा!" ते म्हणाले. मी ढवळत राहिले. थोड्या वेळाने पळी हलकी लागायला लागली. मग पेज पळीवरून धार धरून पडली. सबनीसांनी चाखून बघितली.

"गोड लागतंय," ते म्हणाले. "साखर कुणी घातली?"

पिष्ट तुटलं की त्याची साखर होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. काका कच्च्या मालात साखर मिळते म्हणून खूश झाले असते.

माझं म्हणणं सरळ होतं. साध्या पिठाची पेज चटकन दाट होते, म्हणून तिच्यात पाणीच जास्त घालावं लागतं. तान्ह्या मुलाचं पोट ते केवढं. वाटीभर पाणी पिऊन ते भरतं आणि मूल किरकिरत राहतं. आमच्या पिठाची पेज पातळ राहते, म्हणून तेवढ्याच वाटीत कितीतरी जास्त पीठ मावतं आणि घशाखाली सहज उतरतं. आजारातून उठलेल्या मुलाला तर हेच हवं. मी म्हटलं, पाकिटावर तसंच छापा: ही पेज पातळ होते, म्हणूनच उत्तम.

"पातळ हा शब्द? पाकिटावर?" सबनीस खरोखर दुखावले. "दूधवाला तरी लिहितो का हो?"

मग त्यांनीच मार्ग काढला. ते मरतं कशाने, हे त्यांना लॅबमध्ये कळलं होतं. "उष्णतेने मरतं ना? मग खरपूस भाजा. आम्ही मारलं तर गिऱ्हाइकाला कळणार कसं?"

खरपूस भाजलं. एंझाइम मेलं. पेज अशी झाली की चमचाच काय, पळी उभी राहिली असती. काकांनी ती लॅबमध्ये स्वतः उभी करून बघितली. पण काका काही कच्चे धंदेवाले नव्हते. पळी काढता काढता त्यांनी विचारलं, "आता मोडांचा गुण राहिला नाही म्हणता, तर मोड आणायचे कशाला? पाणी जातं, जागा जाते, वजन घटतं. सरळ नाचणी भाजून दळा."

"नाही नाही," सबनीस ओरडलेच. "पाकिटावर मोडांचा फोटो आहे!"

काका देवभोळे होते. धडधडीत खोटं त्यांना चालत नसे. त्यांनी डोळे मिटून थोडा विचार केला आणि निकाल दिला: दर बॅचमध्ये एक घमेलं मोडाची नाचणी घालायची. म्हणजे मोड आहेत, असं देवासमोरही म्हणता येईल. बाकी सगळी साधी. पाकिटावर लाल पट्टी आली: 'आता दुप्पट दाट!'

ठाण्याच्या पुढच्या कार्यक्रमात चमचा उभा राहिला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "गावी आई अश्शीच करायची गं." मग मान सावरून मोठ्याने म्हणाली, "फारच मॉडर्न आहे हं!" माल धडाधड खपायला लागला. लॅबला नवा पंखा मिळाला. गोडाऊनवाल्याला काकांनी दुसरीकडे जागा बघायला सांगितलं. मी नोकरीत राहिले आणि सहीनिशी भाजलेलं पीठ पास करत राहिले.

अशात एक दिवस वॉचमन सांगत आला की कुणी बाई मूल घेऊन गेटवर बसलीय, उठत नाही. सबनीस आणि मी बाहेर गेलो. ठाकुर्लीच्या म्हात्रेबाई. खांद्यावर पोरगा. गोवर होऊन गेल्यापासून त्याचं खाणं सुटलं होतं. हात-पाय काड्यांसारखे आणि डोळे मोठे. कल्याणच्या मुलांच्या डॉक्टरांना आम्ही पहिल्या मालाची काही पाकिटं सॅम्पल म्हणून दिली होती. त्यांनी ते पीठ या पोराला द्यायला सांगितलं. पोरगा ते प्यायला, त्याने जरा अंगही धरलं. सॅम्पल संपली तेव्हा बाईंनी दुकानातून नवं पाकीट आणलं.

"मॅडम, पयला जो पुडा व्हता ना, तो द्या," म्हात्रेबाई मला म्हणाल्या. "ह्यो नको. ह्यो घशान चिकटतंय. पोरगा गिलतच नाय, ओकून टाकतं."

"बाई, जुनं बंद झालं," सबनीस म्हणाले. "हे इंप्रूव्ह्ड आहे. दुप्पट दाट."

"त्येच तं बोलतंय मी," बाई म्हणाल्या. "त्येला दाट नको."

सबनीसांना फोन आला म्हणून ते आत गेले. मी बाईंना घेऊन सावलीत बसले. मी म्हटलं, हे तुम्हाला घरीच करता येईल, आणि भिजवण्यापासून दळण्यापर्यंत सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही काही विचारलं नाही, नुसत्या मान हलवत होत्या.

"जमेल ना?" मी विचारलं.

"ते मना येतं. आमचे घरान पयलेपासून करतान," बाई म्हणाल्या. "पन डाक्टरनी पुड्यातला सांगलंय. मी घरचा दिला न पोराला काय झाला तं? सासू बोलंल, डाक्टरपेक्षा हुशार झाली. नाय मॅडम, कंपनीचाच पायजे."

मला भयंकर राग आला. बाईंचा आला, डॉक्टरांचा आला, सबनीस आणि काकांचा तर होताच, आणि लॅबच्या नव्या पंख्याखाली बसणाऱ्या बाईचा सगळ्यांत जास्त आला. पोरगा आईच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होता. त्याला रडायचीही ताकद नव्हती.

प्रत्येक लॉटची थोडी पाकिटं लॅबच्या कपाटात जपून ठेवावी लागतात. उद्या तक्रार आली तर पडताळायला. त्याला कंट्रोल सॅम्पल म्हणतात. मी आत गेले आणि लॅबचं दार लावून घेतलं. लाल पट्टीची पाकिटं फोडली आणि त्यांतलं पीठ कचऱ्यात ओतलं. पहिल्या लॉटचं पीठ त्यांच्यात भरलं आणि सीलिंग मशीनवर तोंडं बंद केली. बाहेर येऊन ती बाईंना दिली. "हे कंपनीचंच," मी म्हटलं. "पण खास. गार पाण्यात कालवून हळू शिजवा. संपलं की माझ्याकडेच या, दुकानात जाऊ नका."

नोकरीत मी भेसळ केली ती ही एवढीच. लाल पट्टी सोडली, तर पाकिटावर जे होतं तेच पाकिटात भरलं.

सॅम्पल संपल्यावर मी डोंबिवलीत माझ्या स्वयंपाकघरात नाचणीला मोड आणायला लागले. घरभर ओल्या फडक्यांचा वास. नवरा म्हणाला, लॅब शेवटी घरीच आली म्हणायची. पीठ मी लाल पट्टीच्या पाकिटातूनच देत होते, कारण दुसऱ्या कशातून म्हात्रेबाईंनी ते घेतलंच नसतं. मध्ये एकदा कल्याणला जाऊन डॉक्टरांना खरं काय ते सांगून आले. ते भले गृहस्थ होते. त्या दिवसापासून ते आयांना सांगायला लागले, घरीच करा. पुढे भेटले तेव्हा म्हणाले, निम्म्या आया उठून समोरच्या दवाखान्यात जातात. तिथे पाकीट लिहून देतात.

पोरगा मात्र सुधारला. बाई त्याला चालवत घेऊन आल्या तेव्हा तो भाकरीचा तुकडा चघळत होता. नेमके सबनीस गेटवर होते.

"सायेब, तुमचे पुड्यानीच पोरगा वाचला," म्हात्रेबाई त्यांना म्हणाल्या आणि चक्क वाकून नमस्कार करायला लागल्या.

सबनीसांनी त्यांना अर्ध्यातच थांबवलं, पण चेहरा उजळला होता. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा मॅडम. तुमचा उगाच हट्ट होता. पब्लिकला दाटच लागतं."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? खरं सांगितलं असतं तर लॅब गेली असती आणि बाईंचा पुड्यावरचा विश्वासही.

आता मी रिटायर झालेय. ओळखीच्या बायका विचारतात, मोड आलेल्या नाचणीचं कुठलं पीठ चांगलं? मी नाव सांगत नाही. एवढंच सांगते: थोडं पीठ गार पाण्यात कालवा आणि मंद आचेवर शिजवून बघा. पातळ झालं तर दुकानदाराशी भांडू नका. दाट झालं तर भांडा.